पावसाआधी काम कसे संपवावे? कार्यक्रम-आलेखाची ओळख

जालना परिसरात संकरित ज्वारीच्या बीजोत्पादनाचे शेत पाहिले, तर नवख्या माणसाला एक गोष्ट चमत्कारिक वाटते. शेतात चार ओळी एका वाणाच्या आणि दोन ओळी दुसऱ्या वाणाच्या अशी रचना असते. पण या ओळींची पेरणी कित्येकदा एकाच दिवशी झालेली नसते. शेजारच्या दोन ओळींतली रोपे लहानमोठी दिसतात. पेरणी करणाऱ्याने आळस केला, असे कोणाला वाटेल. खरे कारण अगदी उलट आहे. ही पेरणी फार विचारपूर्वक केलेली असते.

चार ओळींतला वाण हा ‘मादी’ वाण. तो नरवंध्य असतो, म्हणजे त्याच्या फुलांत कामाचे पराग नसतात. दोन ओळींतला वाण ‘नर’. त्याचे पराग वाऱ्याने मादी ओळींवर पडले, तरच संकरित बी तयार होते. यासाठी दोन्ही वाण एकाच वेळी फुलोऱ्यावर यायला हवेत. समजा, मादी वाणाला फुलायला ७२ दिवस लागतात आणि नर वाणाला ६५. दोन्ही एकाच दिवशी पेरले, तर नर सात दिवस आधी फुलून मोकळा होईल. म्हणून नर वाण सात दिवस उशिरा पेरायचा. येथे शेतकरी ‘आज काय करू?’ या प्रश्नापासून सुरुवात करीत नाही. ‘फुलोरा कधी हवा?’ येथून तो उलटे दिवस मोजत मागे येतो आणि पेरणीची तारीख ठरवतो.

जालना हे बियाण्यांच्या उद्योगाचे मोठे केंद्र आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये ‘महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी’ म्हणजेच ‘महिको’ येथेच सुरू केली. तेव्हा दिवसांचा असा हिशेब या जिल्ह्यातल्या अनेक शेतकऱ्यांच्या अंगवळणी पडलेला आहे. हाच हिशेब अकरा निरनिराळ्या कामांसाठी, पाचपन्नास माणसांसाठी किंवा एखाद्या धरणासाठी करायचा झाला, तर तो डोक्यात मावत नाही. तो कागदावर मांडावा लागतो. अशा मांडणीला आपण ‘कार्यक्रम-आलेख’ म्हणू. तो कसा काढायचा आणि त्यावरून काय कळते, हे या लेखात पाहू या.

आधी काय, नंतर काय?

कोणत्याही मोठ्या कामात पहिला प्रश्न क्रमाचा असतो. जालना तालुक्यातील कडवंची या गावाचे उदाहरण घेऊ. तेथे १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाखाली मृद्संधारण आणि जलसंधारणाची कामे झाली. मराठवाडा शेती सहाय्य मंडळ आणि खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र यांचे त्यात साहाय्य होते. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना हा महाराष्ट्रातील सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. त्या वर्षीही कडवंचीतल्या द्राक्षबागा शेततळ्यांच्या पाण्यावर तगल्या, म्हणून या गावाचे नाव सर्वत्र झाले.

पाणलोटाच्या कामाचे सूत्र आहे ‘माथा ते पायथा’. आधी डोंगरउतारावर सलग समतल चर खणायचे. मग शेतांची बांधबंदिस्ती करायची. ओघळींत वरच्या बाजूने दगडी बांध घालत खाली यायचे, आणि मोठ्या नाल्यावरचे बंधारे शेवटी बांधायचे. हा क्रम कोणाच्या लहरीवर ठरलेला नाही. वरचा उतार उघडा ठेवून खाली आधी बंधारा बांधला, तर पहिल्याच मोठ्या पावसात माती वाहून येते आणि बंधारा गाळाने भरतो. पाण्याचा जोर जास्त असेल, तर तो फुटतोही. बंधारा बांधणारे गवंडी कितीही कुशल असोत, क्रम चुकला की त्यांची मेहनत वाया जाते.

यावरून एक नियम निघतो. कामांची नुसती यादी पुरेशी नसते. प्रत्येक कामापुढे ‘हे सुरू होण्याआधी काय पूर्ण व्हायला हवे?’ या प्रश्नाचे उत्तर लिहावे लागते. कार्यक्रम-आलेखाचा पाया म्हणजे हा एक रकाना.

शाळेचे उदाहरण

आता एक लहान काम घेऊन आलेख प्रत्यक्ष काढू. समजा, एका शाळेच्या आवारात कूपनलिका, म्हणजे बोअर आहे. उन्हाळ्यात ती कोरडी पडते. शाळेच्या छतावर पडणारे पावसाचे पाणी गाळून या बोअरमध्ये सोडायचे शाळेने ठरवले आहे.

यातून मिळणार किती? छत २० मीटर लांब व ८ मीटर रुंद आहे असे धरू. क्षेत्रफळ झाले १६० चौरस मीटर. एका दमदार पावसात ५० मिलिमीटर, म्हणजे ०.०५ मीटर पाणी पडले, तर छतावर १६० × ०.०५ = ८ घनमीटर पाणी पडेल. छत ओले होण्यात, उडण्यात आणि गळतीत पाचवा भाग गेला असे धरले, तरी ६.४ घनमीटर, म्हणजे ६,४०० लिटर हाती येते. दोनशे लिटरची ही ३२ पिंपे झाली. काम अर्धवट असताना असा एक पाऊस पडून गेला, तर ३२ पिंपे पाणी गटारात गेले असे समजावे. वेळेवर काम संपवायचे ते यासाठी.

मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागते. मराठवाड्यात पाऊस कधी त्याच्या मागेपुढे येतो, पण आपण ६ जूनच्या संध्याकाळपर्यंत काम संपवायचे असे ठरवू.

कामांची यादी अशी:

क. छत मोजणे व आराखडा काढणे – २ दिवस. आधीचे काम नाही.
ख. आराखड्याला मंजुरी व पैशांची सोय – ५ दिवस. आधी क.
ग. पन्हळी व नळ खरेदी – ४ दिवस. आधी ख.
घ. बोअरभोवती २ मीटर लांब, रुंद व खोल खड्डा खणणे – ६ दिवस. आधी ख.
च. मोठे दगड, खडी व जाड वाळू आणणे – ३ दिवस. आधी ख.
छ. पन्हळी व नळ बसवणे, पहिल्या पावसाचे घाण पाणी बाहेर सोडणारी तोटी लावणे – ४ दिवस. आधी ग.
ज. बोअरच्या उघड्या झालेल्या नळाला बारीक छिद्रे पाडून जाळी गुंडाळणे – १ दिवस. आधी घ.
झ. खड्ड्यात दगड, खडी व वाळूचे थर भरणे – २ दिवस. आधी च आणि ज.
ट. खड्ड्याच्या काठावर विटांचा कठडा बांधणे – २ दिवस. आधी झ.
ठ. कठड्याच्या बांधकामावर पाणी मारणे – ७ दिवस. आधी ट.
ड. छत झाडून, पाणी ओतून चाचणी घेणे – १ दिवस. आधी छ आणि ठ.

खड्डा खणणे आणि भरणे ही मजुरांची कामे आहेत. दोन मीटर खोल खड्ड्याची कड ढासळू शकते, म्हणून विद्यार्थ्यांनी त्यात उतरू नये. मोजमाप, हिशेब, चौकशी आणि आलेख ही विद्यार्थ्यांची कामे.

सर्व कामांचे दिवस मिळवले, तर बेरीज ३७ येते. मग काम ३७ दिवस चालेल का? नाही. एकीकडे खड्डा खणला जात असता दुसरीकडे नळ विकत आणता येतील. तर मग किती दिवस लागतील? हे यादीवरून सांगता येत नाही. आता आलेखाची गरज लागते.

पट्ट्यांचा आलेख

आलेख-कागद आडवा धरा. वरच्या बाजूला डावीकडून उजवीकडे दिवस लिहा: १, २, ३… एक चौकोन म्हणजे एक दिवस. डाव्या बाजूला खालीखाली कामांची अक्षरे लिहा. आता प्रत्येक कामासमोर त्याला लागणाऱ्या दिवसांइतकी लांब पट्टी काढायची. पट्टी कोठे सुरू करायची? आधीचे काम संपल्याच्या दुसऱ्या दिवशी. आधीची दोन कामे असतील, तर त्यांतले जे उशिरा संपते त्याच्या दुसऱ्या दिवशी.

‘क’ची पट्टी दिवस १ ते २. ‘ख’ची ३ ते ७. मंजुरी मिळताच तीन कामे एकदम सुरू होऊ शकतात. म्हणून ग (८ ते ११), घ (८ ते १३) आणि च (८ ते १०) या तिन्ही पट्ट्या आठव्या दिवसापासून निघतात. ‘छ’ची पट्टी १२ ते १५. ‘ज’ चौदाव्या दिवशी. ‘झ’ला च आणि ज दोन्ही हवीत. ‘च’ दहाव्या दिवशीच संपले आहे, पण ‘ज’ चौदाव्या दिवशी संपते, म्हणून ‘झ’ १५ ते १६. पुढे ‘ट’ १७ ते १८, ‘ठ’ १९ ते २५ आणि ‘ड’ सव्विसाव्या दिवशी.

म्हणजे काम २६ दिवसांत होईल.

अशा पट्ट्यांच्या आलेखाला ‘गँट आलेख’ म्हणतात. हेन्री गँट (१८६१–१९१९) हे अमेरिकन यंत्र-अभियंता होते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्यांनी कारखान्यातील कामे अशा पट्ट्यांनी दाखवण्याची पद्धत रूढ केली. त्यांच्याही आधी, १८९६ मध्ये, कारोल आदामिएत्स्की या पोलिश अभियंत्याने जवळजवळ अशीच पद्धत शोधली होती. परंतु तिची माहिती देशाबाहेर फारशी पोचली नाही आणि आलेखाला गँट यांचे नाव चिकटले.

सवड कोणाला आहे?

आता आलेखाकडे नीट पाहा. ‘च’ दहाव्या दिवशी संपते, पण दगड-खडीची गरज पंधराव्या दिवशी लागते. म्हणजे ‘च’ चौदाव्या दिवसापर्यंत लांबले तरी कोणाचे काही बिघडत नाही. ‘च’ला ४ दिवसांची सवड आहे.

‘छ’ पंधराव्या दिवशी संपते. चाचणी सव्विसाव्या दिवशी आहे. म्हणून ‘छ’ पंचविसाव्या दिवसापर्यंत चालले तरी हरकत नाही. त्याला १० दिवसांची सवड आहे. ‘ग’लाही १० दिवसांची सवड दिसते, पण येथे जपून वाचायला हवे. ग आणि छ एकामागोमाग एक येतात, त्यामुळे ही १० दिवसांची सवड दोघांत मिळून आहे. नळ खरेदीने ६ दिवस खाल्ले, तर नळ बसवणाऱ्याला ४ दिवसच उरतात.

राहिलेली कामे पाहा: क, ख, घ, ज, झ, ट, ठ, ड. यांतल्या एकालाही सवड नाही. एक संपते त्याच्या दुसऱ्याच दिवशी पुढचे सुरू होते. त्यांचे दिवस मिळवा: २ + ५ + ६ + १ + २ + २ + ७ + १ = २६. म्हणजे पूर्ण कामाला लागणारा वेळ याच साखळीने ठरवला आहे. या साखळीला ‘निर्णायक मार्ग’ म्हणतात. सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाणाऱ्या सर्व साखळ्यांत ती सर्वांत लांब असते. क–ख–ग–छ–ड ही साखळी १६ दिवसांची आहे, तर क–ख–च–झ–ट–ठ–ड ही २२ दिवसांची.

निर्णायक मार्ग शोधण्याची पद्धत १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्यू पाँट या रसायन कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँड कंपनीचे जेम्स केली यांनी विकसित केली. कारखाने उभारताना आणि दुरुस्तीसाठी बंद ठेवताना वेळ व पैसा कसा वाचवावा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. कामे शेकडो असल्याने त्यांनी संगणकाची मदत घेतली. आपल्या अकरा कामांना आलेख-कागद पुरतो. तत्त्व मात्र तेच आहे.

घाई कोठे करावी?

काम उशिरा होईल असे दिसू लागले, की सर्वसाधारणपणे ‘सगळ्यांनी हात चालवा!’ असे सांगितले जाते. जेथे गडबड दिसते तेथे आणखी माणसे लावली जातात. आलेख हातात असला, तर यातला बराचसा खर्च वाया जातो हे दिसते.

समजा, शाळेकडे थोडे जास्तीचे पैसे आहेत. ते नळ बसवणाऱ्यांवर खर्च करून आपण ‘छ’ चार दिवसांऐवजी दोन दिवसांत उरकले. काम किती दिवसांत संपेल? २६. एका दिवसाचाही फायदा नाही, कारण नळ लवकर बसून पुढे चाचणीची वाट पाहत राहतील. तेच पैसे खड्डा खणणाऱ्या दोन जादा मजुरांवर खर्च केले आणि ‘घ’ सहाऐवजी चार दिवसांत झाले, तर पुढची सगळी साखळी दोन दिवस अलीकडे सरकते. काम २४ दिवसांत संपते.

मग मजूर वाढवतच जावे का? ‘घ’ दोन दिवसांवर आणले, तर ‘ज’ दहाव्या दिवशी संपेल. पण ‘च’ही दहाव्याच दिवशी संपते. आता दगड-खडीलाही सवड उरली नाही. एकूण वेळ २२ दिवस झाला आणि निर्णायक मार्ग दोन झाले. यापुढे खड्डा एका दिवसात खणला तरी उपयोग नाही, कारण खडी आलेली नसेल. म्हणून वेळापत्रकात बदल केला की निर्णायक मार्ग पुन्हा शोधायचा, हा नियम पाळावा.

काही कामे माणसे वाढवून लवकर होतच नाहीत. ‘ठ’ पाहा. सिमेंट वाळून घट्ट होते असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः सिमेंट पाण्याशी रासायनिक क्रिया करून घट्ट होते आणि ही क्रिया सावकाश चालते. मे महिन्याच्या उन्हात पाणी उडून गेले, तर ती अपुरी राहते आणि बांधकाम कच्चे होते. सात दिवस पाणी मारायला एक मनुष्य पुरतो. दहा माणसे लावली तरी सात दिवसांचे सहा होत नाहीत. अशा कामाचे दिवस कमी करता येत नाहीत. ते साखळीत कोठे बसवावे, एवढेच ठरवता येते. लेखाच्या शेवटचे तिसरे उदाहरण याविषयी आहे.

किती दिवस लागतील हे कसे ठरवावे?

आलेख कितीही रेखीव काढला, तरी त्यातले दिवस अंदाजाचे असतात. अंदाज नेहमी ते काम करणाऱ्यालाच विचारावा. खड्डा खणणाऱ्याला विचारले, तर तो म्हणेल, ‘मुरूम लागला तर चार दिवस, खाली पाषाण लागला तर चौदा, नाहीतर साधारण सहा.’ मराठवाड्याची जमीन बेसॉल्ट या काळ्या पाषाणाची आहे, तेव्हा ही शंका रास्त आहे.

अशा तीन उत्तरांवरून एक आकडा काढण्याची रीत १९५८ च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पात वापरली गेली. सर्वांत कमी दिवस, नेहमीच्या दिवसांची चौपट आणि सर्वांत जास्त दिवस यांची बेरीज करून तिला ६ ने भागायचे. येथे (४ + ४ × ६ + १४) ÷ ६ = ४२ ÷ ६ = ७ दिवस. म्हणजे ‘घ’ सहाऐवजी सात दिवसांचे धरणे शहाणपणाचे ठरेल. हे काम निर्णायक मार्गावर असल्यामुळे एकूण वेळ २७ दिवस होईल. हाच प्रकार ‘छ’च्या बाबतीत घडला असता, तर एकूण वेळेत फरक पडला नसता.

आणखी एक खबरदारी. ग, घ आणि च एकाच वेळी चालतील असे आपण धरले, ते तिन्ही कामांना वेगवेगळी माणसे आहेत म्हणून. खरेदीला जाणारा आणि खडीच्या गाडीबरोबर थांबणारा मनुष्य एकच असेल, तर या दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवता येणार नाहीत. यासाठी प्रत्येक पट्टीवर जबाबदार व्यक्तीचे नाव लिहावे. तेच नाव दोन पट्ट्यांवर एकाच तारखेला आले, की अडचण तेथेच लक्षात येते.

तारखा घालू या

आता उलटी मोजणी करू. सव्विसावा दिवस ६ जून हवा असेल, तर पहिला दिवस १२ मे येतो. म्हणजे १२ मे ही सुरुवातीची अगदी शेवटची तारीख. त्या दिवशी सुरुवात केली, तर हाती एकही राखीव दिवस नसेल. शिवाय मे महिन्यात शाळेला सुट्टी असते. छत मोजायला विद्यार्थी कोठून येणार आणि मंजुरीची बैठक कशी भरणार?

म्हणून क आणि ख ही सात दिवसांची कामे एप्रिलमध्ये, शाळा चालू असतानाच उरकावीत. उरलेल्या साखळीला १९ दिवस लागतात. १ मे हा महाराष्ट्र दिन, म्हणून २ मे रोजी खड्ड्याला सुरुवात केली, तर चाचणी २० मे रोजी होईल. ६ जूनपर्यंत १७ दिवस राखीव राहतात. पाषाण लागला, गवंडी लग्नाला गेला किंवा वीज नसल्याने नळाला छिद्रे पाडता आली नाहीत, तर हे दिवस उपयोगी पडतील.

शिक्षकांसाठी

हा पाठ दोन तासिकांत घेता येतो. फळ्यावर आलेख काढून दाखवण्यापेक्षा पुढील पद्धत अधिक उपयुक्त आहे. पुठ्ठ्याच्या एक सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात. एक दिवस म्हणजे एक सेंटिमीटर लांबी. प्रत्येक पट्टीवर कामाचे अक्षर लिहावे. चार-पाच विद्यार्थ्यांच्या गटाला अकरा पट्ट्या, आलेख-कागद आणि कामांची यादी द्यावी. गटाने नियम पाळून पट्ट्या कागदावर मांडाव्यात. मांडून झाल्यावर शेवटची ‘ड’ पट्टी टाचणीने पक्की करावी आणि प्रत्येक पट्टी बोटाने उजवीकडे सरकवून पाहायला सांगावे. च, ग आणि छ सरकतात. ‘घ’ सरकवली की ती ‘ज’ला ढकलते, ‘ज’ ‘झ’ला, आणि धक्का ‘ड’पर्यंत पोचतो. सवड आणि निर्णायक मार्ग या कल्पना व्याख्येने समजावण्यापेक्षा बोटाला आधी समजतात.

दुसऱ्या तासिकेत गटांनी शाळेतले एखादे खरे काम निवडावे: विज्ञान प्रदर्शन, स्नेहसंमेलन, रोपवाटिका. यादी करताना ‘आधी काय हवे?’ या रकान्यावर गटात वाद होऊ द्यावा. खरे शिक्षण त्या वादात आहे. काम सुरू झाल्यावर आलेख भिंतीवर लावावा आणि रोज संध्याकाळी प्रत्येक पट्टीखाली प्रत्यक्ष झालेले काम दुसऱ्या रंगाने भरावे. दोन रंगांत अंतर पडले, तर विद्यार्थ्याला दोष देण्याआधी एक प्रश्न विचारावा: या कामाला सवड होती का? सवड असेल, तर त्याला शांतपणे काम पुरे करू द्यावे. नसेल, तर इतरांनी आपले काम बाजूला ठेवून त्याच्या मदतीला जावे.

सोडवून पाहा

१. खडीची गाडी आली नाही, म्हणून ‘च’ला तीनऐवजी सहा दिवस लागले. एकूण काम किती दिवसांत होईल? नऊ दिवस लागले तर?

२. हवे ते नळ दुकानात नव्हते. ‘ग’ला चारऐवजी नऊ दिवस लागले. ‘छ’ला आता किती सवड उरली?

३. खड्डा भरण्याआधीच, ‘घ’ संपताच कठडा बांधला (ट) आणि त्यावर पाणी मारणे चालू असतानाच नळाला जाळी गुंडाळून थर भरले, तर? येथे ‘ट’च्या आधी फक्त घ, ‘झ’च्या आधी च, ज आणि ट, ‘ड’च्या आधी छ, झ आणि ठ. नवा आलेख काढा. (नव्या कठड्याला धक्का लागू नये म्हणून दगड फळीवरून बेताने उतरवावे लागतील, हे ध्यानात ठेवा.)

उत्तरे: १. २६ दिवस, २८ दिवस. २. ५ दिवस. ३. २३ दिवस, निर्णायक मार्ग क–ख–घ–ट–ठ–ड. एकाही मजुराची भर न घालता, फक्त क्रम बदलून तीन दिवस वाचले.